बंद साखर कारखान्याच्या जागेवर घरकुले : फुकट मिळणारे दोन एकर घ्यावेत का?

प्रश्न (थोडक्यात) : आमच्या गावालगतचा साखर कारखाना आणि त्याची डिस्टिलरी बरीच वर्षे बंद आहे. बँकेने जागा लिलावात विकली. घेणारा विकासक तिथे निवासी प्लॉट पाडणार आहे आणि डिस्टिलरीमागचे, ओढ्याच्या अंगाचे दोन एकर ग्रामपंचायतीला घरकुलांसाठी विनामूल्य द्यायला तयार आहे. घरकुल मंजूर पण जागा नाही अशी पुष्कळ कुटुंबे गावात आहेत. तिथली माती काळपट आहे आणि खालच्या एका विहिरीचे पाणी तांबूस दिसते. ग्रामसभेत ठराव करून जागा घ्यावी का?

उत्तर :

सरपंचताई, ठराव जरूर करा. मात्र त्यात एवढेच लिहा की गावाला जागा हवी आहे आणि ती कारखान्याच्या आवारात नेमकी कुठे हवी हे तपासणीनंतर ग्रामसभा ठरवेल. ओढ्याच्या अंगाचे ते दोन एकर आज स्वीकारू नका.

कारण सांगतो. रोज ३० हजार लिटर अल्कोहोल काढणाऱ्या जुन्या डिस्टिलरीतून एका लिटरमागे साधारण बारा लिटर स्पेंटवॉश (अल्कोहोल काढल्यावर उरणारे सांडपाणी) बाहेर पडायचा, म्हणजे दिवसाला साडेतीन-पावणेचार लाख लिटर. महिनाभराचा साठा धरला तर एक कोटी लिटरच्या वर. तीन मीटर खोल लगून (हे पाणी साठवायचा खड्डा) खणले तरी त्याला ३५-३६ गुंठे लागतात. अशी दोन लगून आणि त्यांचे बांध म्हटले की झाले दोन एकर. लगून बहुधा उताराच्या टोकाला, म्हणजे ओढ्याकडे असतात. तेव्हा डिस्टिलरीमागे, ओढ्याच्या अंगाला, दोन एकर, काळी माती आणि खाली तांबूस विहीर हे सगळे एकत्र वाचल्यावर माझा पहिला अंदाज लगूनचाच आहे. तो खोटा ठरला तर आनंदच आहे, पण खोटा ठरवायचे काम जागा देणाऱ्याने करावे.

स्पेंटवॉश म्हणजे आपल्याकडे लोक ज्याला मळीचे पाणी म्हणतात ते. सांडपाण्याची घाण मोजायला बीओडी वापरतात. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला अडीचशे-तीनशे मिलिग्रॅम असतो, स्पेंटवॉशचा ४० ते ५० हजार. हे पाणी जुन्या काळी कच्च्या, अस्तर नसलेल्या खड्ड्यांत साठवले जाई. आपल्या बेसॉल्टच्या प्रदेशात वर मातीचा थर, खाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला खडक असतो. मुरमापर्यंत पोचलेले पाणी मग भेगांच्या वाटेने जाते आणि त्या वाटा सातबाऱ्याची हद्द पाहत नाहीत. बंद पडून दहा-बारा वर्षे झाली म्हणून लगूनच्या तळाचा गाळ नाहीसा होत नाही. वर बाभळी उगवतात, मुरूम टाकला की मैदान दिसते, आणि नवख्या माणसाला ती सगळ्यात सपाट, सगळ्यात छान जागा वाटते.

आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू. नवा लेआउट बघण्याआधी कारखान्याचा जुना लेआउट मिळवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात कारखान्याचे उत्पादन, सांडपाण्याचे प्रमाण, इंधन आणि घातक कचऱ्याचे प्रकार नोंदवलेले असतात. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र भरावे लागते, त्यातही हे तपशील येतात. माहिती अधिकारात अर्ज करून जितकी वर्षे मिळतील तितकी मागा. कारखाना निरीक्षकांकडे मंजूर नकाशा असतो. गूगल अर्थवर जुन्या तारखांची छायाचित्रे मागे-मागे नेऊन पाहता येतात. कारखाना चालू होता त्या हंगामातल्या छायाचित्रात लगून काळ्या चौकोनांसारखे स्पष्ट दिसतात.

कागदांपेक्षाही मोठा ठेवा तुमच्या गावातच आहे. बॉयलर अटेंडंट, पॅनमन, डिस्टिलरीचा शिफ्ट इन्चार्ज, ईटीपीवरचा (सांडपाणी शुद्धीकरणावरचा) माणूस, वजनकाट्याचा कारकून असे निवृत्त कामगार पारावर बसलेले असतील. त्यांना एक दिवस आवारातून फिरवा आणि विचारा : राख कुठे टाकत होता? पावसाळ्यात लगून भरले की पाणी कुठे सोडायचे? टाकी फुटली तेव्हा मळी कुठपर्यंत गेली? ट्रान्सफॉर्मरचे तेल कुठे बदलायचे? ही माणसे बोट दाखवून जे सांगतात ते कुठल्याही सल्लागाराच्या अहवालात सापडत नाही. फक्त त्यांची थकबाकी अजून मिळालेली नसेल तर आधी त्यांचे गाऱ्हाणे ऐकायची तयारी ठेवा. ते रास्तच असते, आणि पुढे कागदपत्रांच्या वेळी त्याचा संबंध येणार आहे.

साखर कारखान्याचे आवार सगळे सारखे वाईट नसते, ही चांगली बातमी. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर थांबायचा गाडीतळ, वजनकाटा, साखर गोदामे, ऑफिस आणि कामगार वसाहत हा भाग बहुधा स्वच्छ निघतो. गाडीतळावर फार तर डिझेल-ऑइलचे डाग असतात. गव्हाणीपासून मिल हाऊस, बॉयलिंग हाऊसपर्यंतच्या पट्ट्यात प्रश्न वेगळा आहे : जमिनीखाली काँक्रीटचे प्रचंड पाये, कॅरिअरचे खड्डे, पाण्याचे चॅनेल. विष कमी, पण हे पाये तोडायचा खर्च जास्त, आणि न तोडता वर भराव केला तर घराची एक बाजू जुन्या पायावर आणि दुसरी भरावावर बसून भिंत फाटते. राखेच्या ढिगाची जागा, कॉस्टिक आणि ॲसिडच्या टाक्या, गंधकाची भट्टी, डिझेल पंप, बॅटरी रूम, ट्रान्सफॉर्मर यार्ड हे सगळे ठिपके नकाशावर लाल करा.

एक ठिपका जवळपास सगळे विसरतात : प्रयोगशाळा. रसातली साखर मोजण्याआधी रस निवळून घ्यावा लागतो आणि त्यासाठी वर्षानुवर्षे शिशाचे ॲसिटेट वापरले जाई. हंगामात रात्रंदिवस नमुने काढले जात, आणि तपासणी झाली की ते बेसिनमध्ये ओतत. त्या बेसिनचे पाणी ज्या मोरीतून बाहेर जाई तिथली माती तपासल्याशिवाय प्रयोगशाळेच्या मागे प्लॉट पाडू देऊ नका. जागा लहान असते, दोन-चार ट्रॅक्टर माती काढली तर बहुधा काम भागते. पण माहीतच नसेल तर कोण काढणार?

शिशाचा विषय निघालाच आहे तर ज्या मुद्द्यावर विकासकाच्या सल्लागाराशी तुमचा वाद होणार आहे तो इथेच सांगतो. गावातले घर मातीला धरून असते. मुले अंगणात मातीत खेळतात, परसात मेथी-कोथिंबीर असते, शेवग्याचे झाड असते, कोंबड्या दिवसभर माती उकरतात आणि त्यांची अंडी घरातच खाल्ली जातात. कुणी जमीन सारवायला तीच माती घेतो. शहरातल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधला माणूस आणि हा माणूस यांच्या पोटात जाणारी माती सारखी नसते, म्हणून दोघांना एकच निकष लावता येत नाही. ब्रिटनने २०१४ मध्ये शिशासाठी मातीच्या ज्या पातळ्या ठरवल्या त्या बघा : परसात भाजी पिकवणाऱ्या घरासाठी किलोमागे २०० मिलिग्रॅम, भाजी न पिकवणाऱ्या घरासाठी ३१०, आणि व्यापारी किंवा औद्योगिक वापरासाठी २,३३०. म्हणजे ‘माती निकषात बसते’ या वाक्याला काही अर्थ नाही. कोणत्या वापराच्या निकषात, हे अहवालात लिहून घ्या. तुमच्या बाबतीत तो वापर ‘परसबागेसह निवासी’ हाच असला पाहिजे.

आपल्याकडे दूषित जागांसाठी केंद्राने जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र नियम आणले आहेत. संशयित जागेची माहिती स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने राज्य प्रदूषण मंडळाला कळवायची आणि मंडळाने प्राथमिक व मग सविस्तर तपासणी करायची, अशी त्यांची रचना आहे. म्हणजे ग्रामपंचायतीने लेखी कळवण्याला आता वजन आहे, तेव्हा ते पत्र पाठवाच. मात्र हे नियम घातक रसायनांभोवती बेतलेले आहेत. मळीच्या पाण्याने तांबूस झालेली विहीर त्या चौकटीत बसेलच असे नाही, म्हणून त्यांच्यावर सगळा भार टाकून बसू नका.

तपासणीचे काम विकासकाच्या खर्चाने होऊ द्या, पण नमुने कुठून आणि किती खोलीवरून घ्यायचे हे ग्रामपंचायतीच्या संमतीने ठरावे. पृष्ठभागावरून तीन-चार ठिकाणची माती उचलून, ती एकत्र कालवून एकच नमुना प्रयोगशाळेत द्यायची फार सोपी युक्ती आहे. चांगल्या मातीत वाईट माती मिसळली की आकडा खाली येतो. तसले मिश्र नमुने घेऊ नका. जेसीबीने मुरूम लागेपर्यंत चर खणा, चरीच्या भिंतीचा फोटो काढा आणि प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या थरातून वेगळा नमुना घ्या. काळा, करडा, राखाडी, वास येणारा, जो थर वेगळा तो नमुना वेगळा. लाल ठिपक्यांवर चरी जवळजवळ हव्यात, गाडीतळावर विरळ चालतील. कारखान्यापासून लांब, वरच्या बाजूच्या शेतातलीही एक-दोन ठिकाणची माती घ्या, म्हणजे मूळची माती कशी आहे ते कळेल. आपल्या काळ्या जमिनीत काही धातू निसर्गतःच जास्त असतात, आणि तुलना नसेल तर उगाच घबराट होते. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची हवी, आणि ती मान्यता नेमक्या त्या चाचणीसाठी आहे ना हे पाहा.

विहिरींबाबत एक स्वस्त चाचणी सुचवतो : पोटॅशियम. स्पेंटवॉशमध्ये ते लिटरला हजारो मिलिग्रॅम असते, तर बेसॉल्टमधल्या चांगल्या विहिरीत सहसा एक आकडी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) पोटॅशियमची मर्यादाच नाही, त्यामुळे नेहमीच्या ‘पाणी तपासणी’त ते मोजत नाहीत आणि अहवाल हसत-खेळत पास होतो. माती परीक्षण प्रयोगशाळेत फ्लेम फोटोमीटर असतो, तिथे हे किरकोळ खर्चात होते. वरच्या विहिरीपासून ओढ्याकडच्या विहिरीपर्यंत ओळीने नमुने घ्या. आकडा कुठे उडी मारतो ते दिसले की गळती कुठून होते हे नकाशावर बोट ठेवून सांगता येते. उसाला टाकलेल्या पोटॅशमुळेही थोडे वाढू शकते, म्हणून क्लोराइड, विद्युत वाहकता, लोह आणि मँगनीज सोबत मोजा. सगळे एकाच दिशेने चढत असतील तर शंकेला जागा उरत नाही.

लगूनवर बांधायचेच असेल तर काय करावे लागेल? पाणी उपसणे, तळाचा गाळ आणि त्याखालची रंगलेली माती स्वच्छ मुरूम लागेपर्यंत काढणे, आणि मग थराथराने दाबून भराव. एका लगूनमधून सरासरी दीड मीटर थर काढायचा म्हटले तरी साडेपाच हजार घनमीटर, म्हणजे सुमारे १,९०० ब्रास माल निघतो. निव्वळ सेंद्रिय गाळ असेल तर तो पसरून, उलटापालट करून, कंपोस्टसारखा कुजवून महिन्यांच्या मेहनतीने माणसाळवता येतो. त्यात जड धातू किंवा तेल निघाले तर मात्र तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रांकडे पाठवावा लागतो, आणि तो खर्च बघून विकासकाची दानत आटते.

हे न करता नुसता मुरूम टाकला तर दोन गोष्टी होतात. पहिली, घर खचते : कुजणारा थर वर्षानुवर्षे बसत राहतो. दुसरी दिसत नाही म्हणून जास्त वाईट. सेंद्रिय गाळ हवेशिवाय कुजला की मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यात लोस्को नावाचे गाव आहे. तिथे वीटभट्टीसाठी माती काढून झालेल्या जुन्या खाणीत कचरा भरला होता. २४ मार्च १९८६ च्या पहाटे हवेचा दाब झपाट्याने उतरला, जमिनीतला मिथेन खडकाच्या भेगांतून शेजारच्या एका बंगल्याखाली साठला आणि स्फोटात बंगला जमीनदोस्त झाला. आतली तिघे जखमी झाली. लक्षात घ्या, घर भरावावर नव्हते, शेजारी होते. तेव्हा लगूनच्या बांधाला लागून प्लॉट पाडतानाही जमिनीतला वायू मोजला पाहिजे. त्यासाठी छिद्राळ नळी पुरून काही आठवडे, विशेषतः दाब उतरतो अशा दिवसांत, वाचन घ्यावे लागते. एका भेटीत घेतलेले ‘शून्य’ मी जमेस धरत नाही.

म्हणून लगूनच्या जागेसाठी माझा सल्ला घरांचा नाहीच. तिथे गाळ काढून, वरचे पावसाचे पाणी वळवून, कुंपणाच्या आत सौर पॅनेल बसवा. पंचायतीचे दिवाबत्तीचे बिल तरी हलके होईल. एका गोष्टीवर मात्र डोळा ठेवा : ४० गुंठ्यांच्या वरच्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. घरकुलांसाठी तुम्ही लगून नाकारले की तेच लगून ‘खुली जागा’ म्हणून नकाशावर परत येते आणि तिथे मुलांची घसरगुंडी रंगवलेली असते.

बांधकामाच्या तपशिलात सगळे सांगत बसत नाही, इंजिनिअर ते बघतील. पण तीन गोष्टी त्यांच्याकडून लिहून घ्या. गंधक आणि चुना वापरलेल्या पट्ट्यात मातीतले सल्फेट तपासून त्यानुसार आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे सिमेंट निवडावे, नाहीतर पायाचे काँक्रीट आतून पोखरते. दुसरे, पाण्याच्या नळ्या. डिझेल किंवा द्रावक मुरलेल्या मातीतून प्लास्टिकची नळी टाकली तर ते नळीच्या भिंतीतून पाण्यात उतरतात. नेदरलँड्समधल्या लेकरकेर्क या गावात १९७० च्या दशकात चर बुजवून नवी वस्ती बांधली. त्या भरावात कारखान्यांच्या रासायनिक कचऱ्याची पिंपे होती. पाण्याच्या नळ्यांपर्यंत द्रावके पोचली, १९८० मध्ये प्रकरण उघड झाले आणि अडीचशेहून अधिक घरे रिकामी करून वस्तीखालची माती उपसावी लागली. त्या एका गावामुळे डच सरकारने १९८३ मध्ये माती सफाईचा कायदा आणला. तेव्हा डागाळलेला पट्टा टाळूनच पाइपलाइन न्या, अगदी इलाज नसेल तर धातूची नळी वापरा.

तिसरी गोष्ट शोषखड्डे. गावाला भुयारी गटार नाही, म्हणजे प्रत्येक घराचा शौचालयाचा आणि सांडपाण्याचा खड्डा जमिनीतच जिरणार. राखेच्या भरावात किंवा लगूनच्या कडेला शंभर शोषखड्डे घेतले तर रोज वरून पाणी ओतून आपणच खालचा मळ विहिरीकडे ढकलतो. इतकी वर्षे कोरडे पडून शांत झालेले आवार वस्ती झाल्यावर पुन्हा वाहू लागते ते यामुळे. एकत्रित टाकी आणि स्वच्छ बाजूला नेलेले गटार हा खर्च लेआउटच्या खर्चात धरायला लावा. कारखान्याची नदीवरची जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) आणि पाइपलाइन ‘आयती मिळते’ असेही तुम्हाला सांगतील. ती पाणी परवानगी औद्योगिक वापरासाठी होती. पिण्यासाठी वेगळी मंजुरी आणि शुद्धीकरण लागते.

पाडकामाबद्दल थोडे रागाने लिहितो. आपल्याकडे बंद कारखाना म्हणजे आधी भंगारवाला, मग बाकीचे. तो गॅस कटरने टाक्या कापतो, आत काय होते ते कुणी विचारत नाही, उरलेले तेल-मळी जागेवरच सांडते. ज्या जागेची मागच्या वर्षी तपासणी झाली ती भंगारवाला गेल्यावर वेगळीच जागा असते. म्हणून तपासणी भंगार उचलल्यानंतर करा, किंवा आधी केली असेल तर पुन्हा करा. छपरांचे सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतात. ते फोडू नयेत, पाणी मारून अख्खे उतरवावेत, गुंडाळून अधिकृत ठिकाणी द्यावेत. प्रत्यक्षात ते गोठ्यासाठी गावात स्वस्तात विकले जातात आणि मग कुणीतरी त्यांना ड्रिलने भोके पाडतो. दवंडी द्या, सूचना फलकावर लावा, पण हे पत्रे गावात येऊ देऊ नका.

सफाईसुद्धा निष्काळजीपणे केली तर रोग देते याचे उदाहरण इंग्लंडमधल्या कॉर्बीचे. तिथले पोलाद बनवणे १९८० मध्ये थांबले आणि स्थानिक परिषदेने त्या अवाढव्य जागेची सफाई हाती घेतली. दूषित गाळ आणि माती उघड्या ट्रकमधून, चाके न धुता, गावातल्या रस्त्यांवरून वाहिली गेली. पुढे त्या भागात हातापायांच्या व्यंगांसह जन्मलेल्या मुलांच्या कुटुंबांनी दावा लावला, आणि २००९ मध्ये उच्च न्यायालयाने परिषदेला सफाईतल्या निष्काळजीपणासाठी जबाबदार धरले. तिथे हेतू चांगला होता, काम वाईट होते. तुमच्याकडे ट्रक जायचा रस्ता शाळेवरून नसावा, माल झाकलेला असावा, फाटकावर चाके धुवायची सोय असावी, आणि धूळ उडते त्या दिवसांत पाणी मारले जावे. हे मंजुरीच्या अटींत लिहा, तोंडी नको.

आता कागद. बँकेच्या लिलावाच्या नोटिशीत ‘जसे आहे जेथे आहे’ हे शब्द असतात. म्हणजे जागेतली घाणही घेणाऱ्याने घेतली आणि बहुधा म्हणूनच जागा त्याला स्वस्त मिळाली. ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे त्याचे उत्तर मान्य करू नका. सातबारा, फेरफार आणि इतर हक्कांचा रकाना मुळापासून काढा. जमीन शेतकऱ्यांकडून कुळकायद्याच्या परवानगीने घेतली असेल तर त्या परवानगीतल्या अटी बघा. भूसंपादन करून कारखान्याला दिली असेल किंवा भोगवटादार वर्ग-२ असेल तर हस्तांतर आणि वापरबदलाला शासनाची मान्यता आहे का ते बघा. कारखाना सहकारी होता आणि अवसायनात गेला असेल तर अवसायकाच्या नोंदीत कोणाकोणाचे देणे आहे ते पाहा : भविष्य निर्वाह निधीच्या थकबाकीला कायद्याने अग्रक्रम आहे, आणि शेतकऱ्यांच्या थकलेल्या एफआरपीसाठी (उसाच्या किमान दरासाठी) साखर आयुक्तांचे महसुली वसुली प्रमाणपत्र निघालेले असू शकते. जागा औद्योगिक विभागात असेल तर निवासी वापरासाठी बंद उद्योगाच्या कामगारांची देणी भागल्याचे कामगार आयुक्तांचे ना-हरकत लागते. पारावरच्या त्या कामगारांची गाऱ्हाणी इथे कामी येतात. वसाहतीत अजून राहणारी कुटुंबे असतील तर त्यांचे काय ठरले हे लेखी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. बिगरशेतीचे नियम अलीकडे पुन्हा पुन्हा बदलले आहेत, म्हणून तोंडी माहितीवर न जाता तहसीलदारांकडून लागू असलेल्या शासन निर्णयाची प्रत घ्या.

‘आधी घरे होऊ देत, सफाईचे पुढे बघू, प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करता येते’ असे कुणी म्हणाले तर त्यांना राजस्थानातल्या उदयपूरजवळच्या बिछडी गावाची गोष्ट सांगा. तिथे १९८० च्या दशकाच्या शेवटी रसायन कारखान्याच्या गाळाने विहिरींचे पाणी तांबडे केले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये प्रदूषण करणाऱ्यानेच सफाईचा खर्च भरावा असा गाजलेला निकाल दिला. सफाईची रक्कम ३७.३८५ कोटी रुपये ठरली, आणि ती व्याजासह भरा असे न्यायालयाला २०११ मध्ये पुन्हा बजावावे लागले. तत्त्व पक्के आहे, पण त्या पंधरा वर्षांत विहिरीचे पाणी गावानेच पाहिले. तुमच्या बाबतीत पैसे हातात असलेला पक्ष एकच आहे आणि त्याला तुमची गरज फक्त लेआउट मंजूर होईपर्यंत आहे. म्हणून सफाई आधी, ताबा नंतर.

घरकुलांचे गणित मला समजते. प्रधानमंत्री आवास योजनेतून सपाट भागात मूळ १ लाख २० हजार मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचे. जागा नसलेल्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला मदत मिळते, ती आता १ लाखांपर्यंत आहे. दोन एकरांत रस्ते आणि मोकळी जागा वगळून असे शंभरेक प्लॉट बसतात, आणि शंभर कुटुंबे हा कोणत्याही सरपंचासाठी मोठा आकडा आहे. पण ज्याच्याकडे दुसरी जागा नाही त्याला लगूनवर घर दिले तर तो पुढे ते विकूही शकत नाही, सोडूही शकत नाही. पैसे देऊन प्लॉट घेणारा नोकरदार गाडीतळाच्या स्वच्छ बाजूला राहील आणि गावातला भूमिहीन डिस्टिलरीच्या मागे. हे लेआउट कुणी दुष्टपणाने आखत नाही. महाग जागा विकायची आणि नकोशी दान करायची, एवढ्या हिशेबातून ते आपोआप तयार होते.

म्हणून मागणी अशी ठेवा : घरकुलांचे दोन एकर गाडीतळाच्या किंवा वसाहतीच्या बाजूला, गावठाणाला लागून. शाळा, रेशन दुकान, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर येतो, आणि गोठ्याला, ट्रॅक्टर वळायला जागा राहते. विकासक ‘तो माझा मोक्याचा तुकडा आहे’ म्हणेल. दीड एकरावर तडजोड झाली तरी चालेल, ओढ्याकडच्या पाच एकरांपेक्षा तो दीड एकर चांगला. साखर गोदामांपैकी एखादे शाबूत असेल तर पाडू देऊ नका. उंच छत, जाड भिंती, ट्रक आत जाईल असे दार, आठवडी बाजार आणि लग्नकार्याला त्याहून बरी इमारत पंचायतीला परवडणार नाही.

ठरावात या गोष्टी येऊ द्या : जागेचे स्थान ग्रामसभा ठरवेल, भंगार उचलल्यानंतर परसबागेसह निवासी वापराच्या निकषाने माती, पाणी आणि वायूची तपासणी विकासकाच्या खर्चाने होईल, मूळ अहवाल, प्रयोगशाळेच्या आकड्यांसह, ग्रामपंचायतीकडे येतील, सफाई पूर्ण झाल्याची पडताळणी तिसऱ्या संस्थेकडून होईल, कुठली माती किती खोल काढली आणि खाली काय शिल्लक ठेवले याचा नकाशा पंचायतीच्या दप्तरात कायमचा राहील, आणि या सगळ्यासाठी बँक हमी ठेवली जाईल. बँक हमीचा मुद्दा शेवटी असला तरी सोडू नका, बैठकीत सगळ्यात आधी तोच गाळायचा प्रयत्न होतो.

विहिरींचे नमुने मात्र ठरावाची वाट न पाहता घ्या. एकदा मे महिन्यात पाणी तळाला गेलेले असताना आणि एकदा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात. तोपर्यंत त्या तांबूस विहिरीवर ‘पिण्यासाठी नाही’ असा फलक लावा, आणि ओढ्याकडच्या वस्तीत कोण कुठल्या विहिरीचे पाणी भरते याची यादी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) करायला सांगा.